‘सबसिडिॲरिटी’ला मराठीत काय म्हणावे?

युरोपीय संघाच्या कायदेनिर्मितीविषयी मराठीत नेमके लिहायचे तर ‘सबसिडिॲरिटी’ या शब्दाला टाळून पुढे जाता येत नाही. खालच्या पातळीला काम पेलत नसेल तरच वरच्या पातळीने ते हाती घ्यावे, असे हे तत्त्व. संघाने केलेला कायदा बरा की वाईट, आणि त्यात सदस्य देशांच्या संसदांना बोलण्याची जागा किती, हे दोन्ही प्रश्न याच शब्दाशी येऊन मिळतात. ‘विकेंद्रीकरण’, ‘दुय्यमता’, ‘साहाय्यता’, ‘निकटता’, ‘पूरकता’ असे प्रतिशब्द सहज सुचतात; पण त्यांतला कोणता स्वीकारायचा हे ठरवण्याआधी मूळ संकल्पना काय सांगते ते नीट पाहिले पाहिजे, कारण यांतले दोन शब्द अर्थाला थेट उलट्या दिशेने नेतात.

युरोपीय संघाच्या करारातील कलम 5 मध्ये हे तत्त्व आहे. जे विषय केवळ संघाच्याच अधिकारात आहेत, उदाहरणार्थ सीमाशुल्क संघ किंवा समान व्यापार धोरण, त्यांना ते लागू होत नाही. बाकीच्या विषयांत संघाने कायदा करायचा तर दोन गोष्टी दिसल्या पाहिजेत. योजलेले उद्दिष्ट सदस्य देशांना, मग ते केंद्रीय पातळीवर असो वा प्रादेशिक किंवा स्थानिक, पुरेशा प्रमाणात साधता येण्यासारखे नसावे. आणि त्या कृतीच्या व्याप्तीमुळे किंवा परिणामांमुळे ते संघाच्या पातळीवर अधिक चांगले साधता यावे. शिवाय जेवढ्यापुरते हे खरे असेल तेवढ्यापुरतीच संघाने कृती करावी. यातले ‘जेवढ्यापुरते’ माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि प्रतिशब्दांच्या चर्चेत तेच बहुधा सुटते. वरच्या पातळीला येथे मनाई नाही; तिने आपले येणे सिद्ध करावे आणि गरजेपलीकडे पसरू नये, एवढी अट आहे.

या निकषावर ‘विकेंद्रीकरण’ टिकत नाही. विकेंद्रीकरणात अधिकार मुळात वर असतो आणि वरचा तो खाली देतो. सबसिडिॲरिटीत गृहीतक नेमके उलटे आहे: काम मुळात खालच्याचे असते, आणि ते त्याला पेलत नाही असे दिसले तर वरचा पुढे येतो. आपल्या राज्यघटनेतील समवर्ती सूचीशी तुलना केली की हा फरक चांगला कळतो. त्या सूचीतील विषयावर संसदेने कायदा केला आणि तो राज्याच्या कायद्याशी विसंगत ठरला, तर कलम 254 नुसार सामान्यतः संसदेचा कायदा वरचढ ठरतो. राज्यांना हे काम जमले नसते असे दाखवून देण्याचे बंधन संसदेवर नाही. युरोपीय संघावर ते आहे. त्यामुळे भारतीय संघराज्याच्या शब्दसंग्रहातून या संकल्पनेसाठी तयार शब्द मिळत नाही.

शब्दाचे मूळ लॅटिन ‘सब्सिडियम’मध्ये आहे. रोमन सैन्यात मागच्या फळीत राखून ठेवलेली तुकडी, आणि पुढे त्यावरून मदत किंवा कुमक, असा त्याचा अर्थ. पुढच्या फळ्या मागे हटू लागल्या तरच ही तुकडी लढाईत उतरे. आपल्याकडे ‘सबसिडी’ म्हणून रुळलेला अनुदानाचा शब्द याच मुळाचा आहे. मराठी वाचकाला अधिक लागून असलेले दुसरे अपत्य म्हणजे वेलस्लीची ‘तैनाती फौज’, जिच्या इंग्रजी नावातही हाच शब्द होता. 31 डिसेंबर 1802 रोजी वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने ती स्वीकारली आणि तिच्या खर्चासाठी मुलूख तोडून दिला. 1818 मध्ये पेशवाई संपली. मराठीने त्या व्यवस्थेचे नाव घेताना मदतीचा अर्थ सोडला आणि फौज येऊन बसते, तळ ठोकते, एवढेच नोंदवले. मदतीला आलेला परत जात नाही ही भीती युरोपातील राष्ट्रीय संसदांच्या युक्तिवादांतही सतत दिसते, म्हणून हा संबंध नुसत्या व्युत्पत्तीपुरता नाही असे मला वाटते. राज्यशास्त्रातील आजचा अर्थ मात्र कॅथलिक सामाजिक विचारातून आला. पोप पायस अकरावे यांच्या 1931 च्या परिपत्रकात असे म्हटले आहे की लहान समूहांना जे करता येते ते काढून मोठ्या समूहाकडे सोपवणे हा अन्याय आहे. तेथून हा विचार जर्मनीमार्गे युरोपीय संघ स्थापन करणाऱ्या 1992 च्या मास्ट्रिख्ट करारात पोहोचला. जर्मन प्रांतांना आपले अधिकार वाचवायचे होते, तर ब्रिटिश सरकारला ब्रसेल्सला, म्हणजे संघाच्या केंद्राला, आवर घालायचा होता. दोघांनी एकच शब्द उचलला, पण त्यात वाचले वेगवेगळे.

युरोपातल्या भाषांनी काय केले हे पाहणे येथे फार उपयोगी आहे, कारण संघाच्या 24 अधिकृत भाषांतील संहिता सारख्याच प्रमाण मानल्या जातात आणि प्रत्येक भाषेला या शब्दाशी झुंजावे लागले आहे. बहुतेकांनी लॅटिन शब्दच आपल्या उच्चारात घेतला. पोलिश भाषेने मदत या अर्थाच्या धातूवरून शब्द घडवला आणि तो 1997 च्या पोलिश राज्यघटनेच्या उद्देशिकेतही आहे. डॅनिश भाषेने जवळपणाचा, म्हणजे निर्णय नागरिकाच्या जवळ व्हावा या कल्पनेचा शब्द निवडला. फिनिश भाषेत रूढ झालेला शब्द दुय्यमपणाचा आहे. म्हणजे आपण मांडलेले ‘साहाय्यता’, ‘निकटता’ आणि ‘दुय्यमता’ हे तिन्ही पर्याय युरोपात कोठे ना कोठे वापरात आहेत.

तरीही मराठीसाठी मी ‘दुय्यमता’ नको म्हणेन. मराठीत दुय्यम म्हणजे दर्जाने खालचा: दुय्यम निबंधक, दुय्यम न्यायालये, दुय्यम विधान. ‘दुय्यमता तत्त्व’ वाचणाऱ्याला राष्ट्रीय संसदाच दुय्यम आहेत असे वाटेल, आणि अर्थ पूर्ण फिरेल. ‘निकटता’ ऐकायला चांगले आहे. करारातही निर्णय नागरिकांच्या शक्य तितके जवळ घ्यावेत असे शब्द आहेतच. पण निकटतेत फक्त ओढा दिसतो. वरच्याने केव्हा यावे, याची कसोटी त्यात नाही. ‘साहाय्यता’ मुळाशी प्रामाणिक आहे, मात्र मराठीत ती लगेच ‘अर्थसाहाय्या’कडे आणि अनुदानाकडे सरकते.

माझे मत ‘पूरकता तत्त्व’ या शब्दाच्या बाजूने आहे. विधिमंडळात ‘पूरक मागण्या’ (प्रचलित शब्द ‘पुरवणी मागण्या’) मांडल्या जातात त्या मूळ तरतूद अपुरी पडल्यावर, आणि अपुऱ्या पडलेल्या रकमेपुरत्या. मूळ कोणाचे, उणीव कोठे, भर किती, हे तिन्ही अर्थ या वापरात आहेत आणि ते आपल्या कायदेमंडळाच्याच भाषेत मुरलेले आहेत. ‘परस्परपूरक’ या शब्दामुळे दोन्ही बाजू समान आहेत असा भास होऊ शकेल, ही शंका रास्त आहे. म्हणून लेखात पहिल्यांदा येताना ‘खालचा स्तर अपुरा पडेल तेथेच वरच्या स्तराने कायदा करावा, हे पूरकता तत्त्व’ असे फोडून लिहावे. दुसरी अडचण अधिक तांत्रिक आहे. संघाच्या अधिकारांचा एक वेगळा वर्ग असा आहे की ज्यात संघ सदस्य देशांच्या कृतीला पाठबळ देतो, तिच्यात समन्वय साधतो किंवा भर घालतो. शिक्षण, संस्कृती, पर्यटन हे विषय त्यात येतात. त्यांना ‘पूरक अधिकार’ म्हटले तर गोंधळ होईल. तेथे ‘साहाय्यक अधिकार’ हा शब्द राखून ठेवावा.

आता या तत्त्वाच्या अंमलबजावणीतले शब्द. संघाच्या मूळ करारांत बदल करणारा लिस्बन करार 1 डिसेंबर 2009 रोजी अमलात आला आणि त्याला जोडलेल्या दुसऱ्या प्रोटोकॉलने राष्ट्रीय संसदांना थेट भूमिका दिली. कायद्याचा मसुदा अधिकृत भाषांतून हाती आल्यापासून 8 आठवड्यांत कोणतीही राष्ट्रीय संसद, किंवा तिचे एक सभागृह, हा मसुदा पूरकता तत्त्वात का बसत नाही हे कारणांसह कळवू शकते. या दस्तऐवजासाठी ‘सकारण मत’ हा शब्द अगदी योग्य आहे. ‘सकारण आदेश’ आपल्या न्यायालयीन मराठीत आहेच. प्रत्येक संसदेला 2 मते असतात आणि द्विसदनी संसदेत ती दोन सभागृहांत एकेक वाटली जातात. आजच्या 27 देशांच्या हिशेबाने एकूण 54 मते होतात. त्यांपैकी एक तृतीयांश, म्हणजे 18 मते जमली की मसुद्याचा फेरविचार करावा लागतो. पोलिसी आणि फौजदारी न्यायविषयक सहकार्याच्या प्रस्तावांना एक चतुर्थांश पुरतात.

यालाच बोलीत ‘पिवळे कार्ड’ म्हणतात. साध्या बहुमताने येणारे ‘नारिंगी कार्ड’ त्याहून कडक असते. त्यानंतर युरोपीय संसद किंवा सदस्य देशांच्या मंत्र्यांची मंत्रिपरिषद तो प्रस्ताव याच कारणावरून थांबवू शकते. आजवर ते एकदाही निघालेले नाही. महाराष्ट्रात पिवळे आणि केशरी कार्ड म्हटले की शिधापत्रिका डोळ्यांसमोर येते, तेव्हा पहिल्या उल्लेखात ‘फुटबॉलमधील पंचाप्रमाणे’ एवढे दोन शब्द घालणे बरे. आग्रहाने टाळायचा शब्द आहे ‘नकाराधिकार’. पिवळ्या कार्डाने प्रस्ताव मरत नाही. प्रस्ताव मांडणारा युरोपीय आयोग तो कायम ठेवू शकतो, बदलू शकतो किंवा मागे घेऊ शकतो. निर्णयाची कारणे मात्र त्याला द्यावी लागतात. फेब्रुवारी 2016 मध्ये ब्रिटनशी झालेल्या समझोत्यात 55 टक्क्यांहून अधिक मते 12 आठवड्यांत आल्यास चर्चा थांबवण्याची, म्हणजे ‘लाल कार्डा’ची, तरतूद होती; पण त्याच वर्षी ब्रिटनने सार्वमतात संघ सोडण्याचा कौल दिल्यावर तो समझोताच रद्दबातल झाला.

तीन पिवळ्या कार्डांचा इतिहास पाहिला की ‘फेरविचार’ हाच शब्द का हवा ते स्पष्ट होते. 2012 मध्ये संपाच्या हक्काविषयीच्या प्रस्तावावर, जो ‘मोंटी दोन’ म्हणून ओळखला जातो, तेव्हाच्या 54 पैकी 19 मते आली. आयोगाने तो मागे घेतला, पण पूरकतेचा भंग झाल्याचे मान्य केले नाही. पुरेसा राजकीय पाठिंबा मिळणार नाही, असे कारण दिले. 2013 मध्ये युरोपीय सरकारी अभियोक्ता कार्यालयाच्या प्रस्तावावर 18 मते आली, लागत होती 14. आयोगाने प्रस्ताव जसाच्या तसा ठेवला आणि अखेर इच्छुक देशांनी वाढीव सहकार्याच्या मार्गाने ते कार्यालय स्थापन केले. 1 जून 2021 पासून ते काम करते आहे. 2016 मध्ये दुसऱ्या देशात कामाला पाठवलेल्या कामगारांच्या निदेशाच्या (‘डायरेक्टिव्ह’च्या) प्रस्तावावर 11 देशांतील 14 सभागृहांनी मिळून 22 मते दिली. त्यांत डेन्मार्क सोडला तर सर्व देश मध्य आणि पूर्व युरोपातले होते. एका देशातून दुसऱ्या देशात कामगार पाठवणे हा मुळातच सीमापार विषय आहे, असे उत्तर देऊन आयोगाने प्रस्ताव कायम ठेवला, आणि 2018 मध्ये निदेश संमत झाला. येथे आयोगाचा युक्तिवाद मला पटतो. त्या संसदांचा खरा आक्षेप वेतनाच्या स्पर्धेविषयी होता, कायदा कोणत्या पातळीवर व्हावा याविषयी कमी. पण त्यांना बोलण्यासाठी दुसरे औपचारिक दार नव्हते, आणि एकाच दारातून सगळे आक्षेप आत आणायचे म्हटले की त्या दारावरच्या शब्दाचा अर्थ ताणला जाणारच.

कायद्याच्या गुणवत्तेचा प्रश्न येथेच जोडला जातो. प्रत्येक मसुद्यासोबत पूरकता आणि प्रमाणशीरता (उद्दिष्टाला लागेल त्याहून जास्त कृती न करणे) या दोन्ही कसोट्यांवर तपासता येईल असे सविस्तर निवेदन असावे, निष्कर्षाला गुणात्मक आणि शक्य तेथे संख्यात्मक आधार असावा, असे प्रोटोकॉल सांगतो. आपल्याकडे विधेयकाला ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ जोडलेले असते. ते कायदा का हवा ते सांगते. युरोपीय निवेदनाला तो याच पातळीवर का हवा, हेही सांगावे लागते. म्हणून दोन्हींसाठी एकच शब्द न वापरता दुसऱ्याला ‘पूरकता निवेदन’ म्हणावे. हे निवेदन ठोकळेबाज असेल तर 8 आठवड्यांत संसदेच्या समितीला तपासण्यासारखे काही उरत नाही. न्यायालयावर विसंबूनही भागत नाही: युरोपीय न्यायालयाने पूरकतेच्या भंगाखातर आजवर एकही कायदा रद्द केलेला नाही, ते मुख्यतः संस्थांनी कारणमीमांसा केली की नाही हेच पाहते. आयोग, युरोपीय संसद आणि मंत्रिपरिषद या संघाच्या तिन्ही संस्थांनी 13 एप्रिल 2016 रोजी केलेल्या करारनाम्याचे नाव मराठीत ‘उत्तम कायदेनिर्मिती’ असे द्यावे. ‘नियमनमुक्ती’ हा शब्द त्यासाठी चुकीचा ठरेल, कारण तेथे कसोटी कायद्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्या तयारीची आहे: परिणाम मूल्यांकन, जनतेशी सल्लामसलत आणि लागू झालेल्या कायद्यांचा आढावा.

‘रेग्युलेशन’साठी ‘विनियम’ आणि ‘डायरेक्टिव्ह’साठी ‘निदेश’ हे शब्द घ्यायला हरकत नाही, पण एक टीप हवी. भारतात विनियम हा अधिनियमाखाली दुय्यम संस्थेने केलेला असतो. युरोपीय विनियम हा स्वतःच कायदा असून सर्व सदस्य देशांत थेट लागू होतो. निदेशाचे फक्त साध्य बंधनकारक असते, आणि ते गाठण्यासाठी राष्ट्रीय संसदेला स्वतःचा कायदा करावा लागतो. म्हणजे निदेशाच्या बाबतीत तीच संसद दोनदा येते, आधी आक्षेपक म्हणून आणि मग कायदेकर्ती म्हणून.

आणखी एक शब्द ‘मँडेट’. डॅनिश संसदेची युरोपविषयक समिती आपल्या मंत्र्याला ब्रसेल्सला जाण्याआधी वाटाघाटींची चौकट घालून देते, आणि डेन्मार्क 1973 मध्ये सदस्य झाला तेव्हापासून ही पद्धत चालत आली आहे. कायद्याच्या मजकुरावर तिचा प्रभाव पिवळ्या कार्डाहून बराच जास्त पडतो, असे माझे मत आहे, कारण तिथे आक्षेप मजकूर ठरण्याआधीच येतो. वृत्तपत्रांना सवयीचा ‘जनादेश’ येथे चालणार नाही. तो मतदारांचा असतो. समितीने मंत्र्याला दिलेला तो ‘अधिदेश’.

शेवटी एका क्रियापदाविषयी. युरोपीय संघाच्या करारातील राष्ट्रीय संसदांवरील कलम 12 चा आधीचा इंग्रजी मसुदा ‘संसदांनी योगदान द्यावे’ असा आज्ञार्थी होता. बाहेरचा करार सार्वभौम संसदेवर कर्तव्य लादू शकत नाही, असा आक्षेप ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सच्या छाननी समितीने घेतला आणि अंतिम मजकुरात साधा वर्तमानकाळ आला. मराठीत ते कलम उद्धृत करताना ‘राष्ट्रीय संसदा संघाच्या सुरळीत कारभारात सक्रिय योगदान देतात’ असेच लिहावे. ‘देतील’ किंवा ‘द्यावे’ लिहिल्यास वाटाघाटींत मुद्दाम काढून टाकलेले बंधन आपल्या भाषांतरातून परत आत येते.