जीमेल ब्राउझरमध्येच ठेवू की थंडरबर्ड/आउटलुक घेऊ? (बजेट वर्षाला २५०० रु.)

जमाखर्च (सोमवार, सकाळी ११:२०)
नमस्कार मंडळी. कराडला माझं रिटर्न भरून देण्याचं छोटं ऑफिस आहे. दीडेकशे क्लायंट. पॅन, आधार, फॉर्म १६, बँक स्टेटमेंट, सगळं एकाच जीमेलवर येतं आणि ते मी क्रोममध्ये उघडते. दोन पीसी आहेत, एकावर मी, दुसऱ्यावर मदतनीस मुलगी. पासवर्ड दोघींना माहीत.
जुलैच्या गर्दीत कॉलेजचा एक मुलगा दोन महिने ठेवला होता. परवा त्याचाच फोन आला, "मॅडम, तुमच्या मेलची नोटिफिकेशन मला अजून येतात, बंद करा ना." पोरगा सरळ म्हणून कळलं. तेव्हापासून झोप नाही.
मिस्टरांचं म्हणणं, मेल आपल्या कपाटात असावी, म्हणजे थंडरबर्ड किंवा आउटलुकसारखा मेलचा प्रोग्रॅम टाकून पीसीवर उतरवून घ्यावी. खरंच त्यात जास्त सुरक्षितता आहे का? दोन अटी: पत्ता बदलणार नाही (काही वयस्कर क्लायंटच्या इन्कम टॅक्स पोर्टलवरही माझाच ईमेल आहे) आणि २५०० च्या वर एक रुपया नाही. इथे लाइट सारखी जाते, हेही लक्षात घ्या.

टंकलेखक (११:४१)
थंडरबर्ड. विषय संपला. फुकट आहे, २००४ साली १.० आलं तेव्हापासून वापरतोय. तेव्हापासूनच्या मेल माझ्या डिस्कवर आहेत, नेट नसलं तरी शोधता येतात. अनोळखी मेलमधली चित्रं ते आपणहून उतरवत नाही, त्यामुळे पाठवणाऱ्याला तुम्ही मेल उघडल्याचं कळत नाही. ओपनपीजीपी (मेल कुलूपबंद करून पाठवायची सोय) ७८ व्या आवृत्तीपासून आतच आहे, आधी त्यासाठी एनिगमेल हे ॲड-ऑन वेगळं टाकावं लागायचं.
फक्त सेट करताना आयमॅप निवडा (मेल सर्व्हरवरही राहते), पॉप नको (मेल पीसीवर उतरते आणि सर्व्हरवरून सहसा निघून जाते).

आजोबा_डोंबिवली (१२:०५)
टंकलेखकांशी सहमत, पण पॉपबद्दल असं तोडून का बोलता? मी आयुष्यभर पॉपच वापरलं. आउटलुक एक्सप्रेस होतं. मुलगा अमेरिकेत गेल्यापासूनची सगळी पत्रं त्यात होती. एके संध्याकाळी फोल्डर कॉम्पॅक्ट करत असताना लाइट गेली. परत आली तेव्हा इनबॉक्स कोरा. सर्व्हरवर काही नाही, कारण पॉपने उतरवून घेतलेलं. सात वर्षांची पत्रं गेली.
ताई, काहीही घ्या, आधी यूपीएस घ्या.

टंकलेखक (१२:११)
आजोबा, तुम्ही पॉपच्या बाजूने बोलताय की विरुद्ध?

आजोबा_डोंबिवली (१२:३०)
मी लाइटच्या विरुद्ध बोलतोय.

क्लिपलावा (१:१५)
थंडरबर्ड, जीमेल सगळं विसरा. प्रोटॉनची मेल सेवा घ्या. स्वित्झर्लंड. सर्न या अणुसंशोधन संस्थेतल्या लोकांनी २०१४ साली सुरू केलं. मेल त्यांच्या सर्व्हरवर अशी कुलूपबंद असते की खुद्द त्यांनाही वाचता येत नाही. मी सगळ्यात वरचा प्लॅन घेतलाय, व्हीपीएनसकट. थोडा महाग आहे पण प्रायव्हसीला किंमत नसते.

जमाखर्च (१:२२)
माझ्याकडे आहे, २५०० रु. शिवाय पत्ता बदलणार नाही.

बंडू_बारामती (१:४०)
प्रोटॉन कुठं घेऊन बसलात. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक हायकोर्टाने तेच ब्लॉक करा म्हणून केंद्राला आदेश दिला होता. आपली झोहो घ्या, चेन्नईची कंपनी, केंद्र सरकारची मेलसुद्धा तिकडेच गेली. स्वतःचं डोमेन घ्या, "ऑफिस ॲट अमुक" असा पत्ता दिसला की क्लायंट टरकतो. मी घेतलंय, कार्डावर छापलंय.

क्लिपलावा (१:५२)
बंडूशेठ, झोहोच्या फुकट प्लॅनमध्ये आयमॅप मिळत नाही, फक्त ब्राउझर. हे सांगा की.

बंडू_बारामती (१:५५)
तुमचं प्रोटॉन तरी थंडरबर्डला कुठं फुकट जोडता येतं? ब्रिज नावाचा त्यांचा जोडप्रोग्रॅम लागतो आणि तो पैसेवाल्यांनाच. वर मेलचा विषय उघडाच राहतो त्यांच्यात. आणि २०२१ मध्ये स्विस आदेश आला तेव्हा फ्रान्समधल्या एका आंदोलकाचा आयपी पत्ता दिलाच ना?

क्लिपलावा (२:०३)
आयपी दिला, मेलचा मजकूर नाही. फरक समजून घ्या.

निळीशाई (२:४८)
इकडे फ्रँकफुर्टात मी पोस्टेओ वापरते. बर्लिनची कंपनी, महिन्याला एक युरो, जाहिरात नाही, उघडताना नावसुद्धा विचारत नाहीत. जीडीपीआर या युरोपातल्या खासगी माहितीच्या कायद्यामुळे इथे या बाबतीत लोक फार जागरूक असतात. भारतात अजून ते वातावरण नाही, असं दर वेळी आले की जाणवतं.

वायफळ (३:१०)
वातावरणाचं सोडा, तिथं पोळ्या मिळतात का?
बाकी माझं मत: लपवण्यासारखं काही नसेल तर भ्यायचं कशाला. गूगल सगळं वाचतंच.

उंबरठा (४:३५)
वायफळ, आधी तुमचं. जाहिराती दाखवण्यासाठी जीमेलमधला मजकूर चाळणं थांबवणार असं गूगलने २०१७ मध्ये जाहीर केलं. स्पॅम आणि व्हायरससाठी मशीन चाळतं, ते सगळेच करतात. आणि "लपवण्यासारखं" ताईंचं काही नाहीच आहे. दीडशे लोकांचं आहे.
ताई, मी एका पतसंस्थेची कॉम्प्युटरची बाजू सांभाळते. तुमच्या बाबतीत जे झालं ते ब्राउझरमुळे झालेलं नाही. एक किल्ली तिघांत फिरली म्हणून झालं. तीच किल्ली थंडरबर्डमध्ये टाकली असती तर मुलाच्या फोनऐवजी पेनड्राइव्हवर अख्खा मेलबॉक्स गेला असता, आणि नोटिफिकेशन तर सोडाच, कुणाला पत्ता लागला नसता.
आज रात्रीच करण्यासारखं: जीमेल पीसीवर उघडा, अगदी खाली उजवीकडे "तपशील" आहे, त्यात कुठून कुठून खातं उघडलं ते दिसतं. गूगल खात्याच्या सुरक्षा पानावर डिव्हाइसची यादी आहे, अनोळखी असेल ते साइन आउट करा. मग पासवर्ड बदला. हे झालं की लगेच सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा. पासवर्ड बदलला तरी फॉरवर्डिंग चालूच राहतं. आमच्याकडे एका खात्यात "स्टेटमेंट" शब्द असलेली प्रत्येक मेल बाहेर जाणारं फिल्टर सापडलं होतं, कोण जाणे कधीपासूनचं. दुसऱ्या पायरीची तपासणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड) चालू करा, एसएमएसपेक्षा फोनवरच कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप बरं, सिम दुसऱ्याने काढून घेतलं तर एसएमएस त्याच्याकडे जातो.
आणि मदतनीस मुलीला पासवर्ड देऊच नका. जीमेलमध्ये "डेलिगेट" म्हणून सोय आहे. ती स्वतःच्या जीमेलने लॉगिन करते, तुमचा इनबॉक्स वाचते, उत्तर देते, पण तुमचा पासवर्ड बदलू शकत नाही. नोकरी सोडली की तुम्ही एका क्लिकमध्ये काढायचं. साध्या फुकट खात्यालाही दहा जण जोडता येतात. मात्र ती मेल पुसू शकते, हे लक्षात ठेवा.

टंकलेखक (४:५०)
पेनड्राइव्हचा मुद्दा पटला नाही. थंडरबर्डला प्रायमरी पासवर्ड लावा, झालं.

उंबरठा (५:०२)
नाही झालं. प्रायमरी पासवर्ड फक्त साठवलेले पासवर्ड झाकतो. मेल प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये साध्या फाइलमध्ये पडलेली असते, नोटपॅडमध्ये उघडून बघा. आणि तो लावलेला नसला तर सेटिंगमध्ये जाऊन कुणालाही पासवर्ड उघडे वाचता येतात. मेल पीसीवर उतरवायची तर डिस्कलाच कुलूप हवं. विंडोज होममध्ये पूर्ण बिटलॉकर (विंडोजचं स्वतःचं डिस्कचं कुलूप) नसतं, काही मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन सापडतं. नसेल तर व्हेराक्रिप्ट फुकट आहे, पण त्याचा पासवर्ड विसरलात तर कुणाचा बाप काढून देणार नाही.

टंकलेखक (५:२०)
बघितलं उघडून. बायकोला २००९ साली पाठवलेली मेल नोटपॅडमध्ये वाचली. बरं, मान्य. तरीही नेट गेल्यावर शोधता येतं हा फायदा उरतोच. आणि चित्रांचं काय, जीमेल तर सगळी चित्रं दाखवतं.

उंबरठा (५:३१)
२०१३ पासून जीमेल चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणतं, त्यामुळे पाठवणाऱ्याला तुमचा आयपी मिळत नाही. उघडल्याचं मात्र कळू शकतं. सेटिंगमध्ये "बाहेरची चित्रं दाखवण्यापूर्वी विचारा" आहे, ते निवडलं की तुमच्या थंडरबर्डसारखंच.

गावठी_गुरुजी (६:१५)
अवांतर विचारतो. माझ्या जुन्या मेलमध्ये श्रीलिपीत (युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटात) लिहिलेला मजकूर आहे. थंडरबर्डमध्ये तो मराठीत दिसेल का? जीमेलमध्ये सगळे ठिपके आणि काना-मात्रांचा उकिरडा दिसतो.

टंकलेखक (६:२२)
फाँट टाकला तरच. युनिकोडमध्ये बदलून घेणारे कन्व्हर्टर मिळतात. पण जोडाक्षरं तपासा, "क्ष" चा भलताच काही होतो.

आजोबा_डोंबिवली (६:४०)
श्रीलिपीचे दिवस काय होते! आमच्या सोसायटीची नोटीस मीच टाइप करायचो.

एक_वाचक (७:०५)
थंडरबर्ड बेस्ट. +१

बंडू_बारामती (७:१८)
वरचं सगळं वाचलं. माझंही हेच म्हणणं होतं, दुसरी पायरी चालू करा. झोहोतही आहे.

निळीशाई (८:००)
पोळ्या मिळतात, वायफळ. फ्रोझन.

रात्रपाळी (११:४५)
कुणी नवीन आउटलुकबद्दल बोललंच नाही. विंडोजमधलं जुनं मेल ॲप ३१ डिसेंबर २०२४ ला बंद पडलं आणि आता मशीनमध्ये हेच येतं. दिसायला पीसीवरचा प्रोग्रॅम, पण जीमेल किंवा दुसरं आयमॅप खातं जोडलं की मेलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर ठेवतं. २०२३ च्या नोव्हेंबरात जर्मनीत यावरून बरीच ओरड झाली होती. म्हणजे कपाट समजून घ्याल आणि ते निघेल दुसऱ्याच्या वाड्यातलं.
आणखी एक, दोन्ही पीसी विंडोज ११ आहेत का? १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

जमाखर्च (मंगळवार, सकाळी १०:१०)
सगळ्यांचे आभार. मदतनीस मुलीचा १० आहे. उंबरठा ताई, काल रात्री बघितलं. मुलाचा फोन, माझा जुना फोन (तो भाचीकडे आहे!) आणि साताऱ्याच्या एका झेरॉक्स दुकानातला पीसी, जिथे मी मार्चमध्ये एक चलन प्रिंट केलं होतं, एवढे निघाले. फॉरवर्डिंग काही नव्हतं, देव पावला.

व्हाउचर_नं_७ (मंगळवार, दुपारी १२:२५)
ताई, मीही याच धंद्यात आहे, लातूरला. तुम्ही कंसात जे लिहिलंय त्यावर इथल्या कुणाचं लक्ष गेलं नाही. क्लायंटच्या पोर्टलवर तुमचा ईमेल असेल तर त्यांचा ओटीपी तुमच्याकडे येतो. तुमचा मेलबॉक्स उघडा म्हणजे त्यांचं पोर्टल उघडं. मेल ब्राउझरमध्ये वाचा नाही तर ताम्रपटावर. मी दोन वर्षं लागून एकेकाचा स्वतःचा ईमेल टाकून घेतला. म्हाताऱ्यांसाठी नातवाचा. त्रास झाला, दोन क्लायंट सोडून गेले, "आधीचे वकील तर काही म्हणत नव्हते."
आणि एआयएसची (इन्कम टॅक्सच्या वार्षिक माहिती पत्रकाची) पीडीएफ मेलने पाठवून वर "पासवर्ड म्हणजे पॅन आणि जन्मतारीख" असं त्याच मेलमध्ये लिहीत असाल, तर ते आजपासून बंद. मीही लिहायचो.

वायफळ (१२:४०)
ताम्रपट आवडला. बजेटमध्ये बसेल का?

क्लिपलावा (१:०५)
प्रोटॉनवर पासवर्ड लावून मेल पाठवता येते, हे सांगायचं राहिलं.

जमाखर्च (शनिवार, रात्री ९:३०)
निर्णय कळवते. रागावू नका.
थंडरबर्ड शुक्रवारी टाकून बघितलं. छान आहे, पण मुलगी म्हणाली "मॅडम, यात हिरवं बटण कुठंय", आणि तिच्या डिस्कवर दीडशे लोकांची आधार कार्डं उतरताना बघून माझ्याच पोटात गोळा आला. काढून टाकलं, फोल्डरही पुसला. झोहो, प्रोटॉन, बर्लिन सगळ्यांना नमस्कार.
जीमेल ब्राउझरमध्येच ठेवलं. मुलीला डेलिगेट केलं, पासवर्ड आता फक्त मला माहीत. ऑथेंटिकेटर माझ्या फोनवर, बॅकअपचे कोड कागदावर लिहून घरी लोखंडी कपाटात, म्हणजे मिस्टरांचंही समाधान. ऑफिसच्या मेलसाठी फायरफॉक्स वेगळा ठेवलाय, त्यात फेसबुक, खरेदी काही नाही. मुलीच्या पीसीवर विंडोज ११ चालत नाही म्हणतात, त्यावर तूर्त फक्त टायपिंग आणि प्रिंट. मेल ती माझ्या पीसीवर, वेगळ्या विंडोज खात्यातून बघते.
पोर्टलवरच्या ईमेलचं काम काढलंय. १४ पैकी ३ झाले. चौथ्या आजोबांनी विचारलं, "तुमच्यावर विश्वास नाही असं मी म्हटलं का?" त्यांना काय सांगावं ते अजून सुचलेलं नाही.
आणि पैशांचं म्हणाल तर २५०० त ४०० घालून यूपीएस घेतला.

आजोबा_डोंबिवली (शनिवार, रात्री ९:३४)
कुठल्या कंपनीचा? बॅटरी कधीची आहे ते बॉक्सवर बघून घेतलंत ना?

टंकलेखक (रात्री ९:५०)
हिरवं बटण म्हणजे नक्की कुठलं? जीमेलमध्येही हिरवं बटण नाही.