अनुभव धागा: घरात मार खाणारे नवरे

सांजवारा
काल एक सिनेमा पाहिला. बायको नवऱ्याला मारते, आणि तो ओरखडे झाकायला दाढी वाढवतो. माझ्या शेजारचे दोघं-तिघं त्या थपडेला खो खो हसले. मला धाकटा काका आठवला. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट! एकदा हात धुताना बाही वर सरकली. दंडावर नखांच्या चार खुणा, एकीला खपली धरलेली. "भिंतीला घासलं गं," म्हणाला. घरात सगळ्यांना माहीत होतं, पण आजोबा उलट त्यालाच म्हणायचे, "बायको सांभाळता येत नाही."
कुणाच्या पाहण्यात असं असेल तर लिहा. ओळख पटेल असं काही नको.

चकोर
पोलीस चौकीत हवालदार हसतो ना, तिथेच बंद केला मी. पुढे बघवेना.

रानजाई
त्यात आईचं काम कुणी केलंय? आवाज फार ओळखीचा वाटला.

गोगलगाय
माझ्या मित्राला मार नव्हता. पण कुठे आहेस याचा फोटो सारखा पाठवायचा, पगार आला की सगळा तिच्या खात्यात, आईला फोन करायचा तर स्पीकरवर. तो आमच्यात येईनासा झाला आणि आम्ही म्हणत राहिलो, लग्नानंतर बदलला. हाही छळच आहे. इंग्लंड-वेल्समध्ये अशा जाचक नियंत्रणाला 2015 च्या कायद्याने गुन्हा ठरवलंय. 2018 मध्ये तिथे एका तरुणीला साडेसात वर्षांची शिक्षा झाली. जोडीदाराला जखमी करायची, उकळतं पाणी ओतायची.

मुक्तछंद
बायकांवरचे अत्याचार कितीतरी जास्त आहेत, हे विसरू नका एवढंच.

केतकी
मुक्तछंद, मी स्वतः नवऱ्याचा मार खाल्लाय. "तूच काहीतरी केलं असशील" हे मलाही ऐकवलं गेलं, तेच त्या काकांना. त्यांचं ऐकून घेतलं म्हणून माझं दुःख कमी होत नाही.

अनाम
दार कसं लावलं यावरून आजचा दिवस कळायचा. मी सहा फूट, ती माझ्या खांद्याला लागते. कोण विश्वास ठेवणार? हात नुसता धरला तरी "मारलंस म्हणून सांगेन". दवाखान्यात प्रत्येक वेळी बाइकवरून पडलो म्हणून सांगितलं. मुलगी एकदा बाहुलीला दटावत होती, "गप्प बस, नाहीतर थोबाड फोडीन." त्याच आठवड्यात घर सोडलं.

केतकी
अनाम, निघालात ते फार बरं केलंत. मुलगी कुठे असते?

अनाम
शनिवार-रविवार माझ्याकडे. बाकी कोर्टात चालू आहे.

चकोर
मित्रा, कधीही मेसेज कर. अगदी रात्री-अपरात्रीसुद्धा.
रानजाई, मालिकांत सासू असते तीच ती. प्लास्टर निघालं का तुझं?

रानजाई
निघालं गं. एका हातानेच टाइप करतेय अजून.

पिंपळपान
वकिली करते म्हणून लिहिते. आपला 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा फक्त स्त्रियांना संरक्षण देतो, हे खरं. पण पुरुषाला सगळीच दारं बंद नाहीत. मारहाणीची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम 115 खाली कुणीही करू शकतं, किमान एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) तरी नोंदवाच. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 मध्ये क्रूरता हे घटस्फोटाचं कारण आहे, नवरा-बायको दोघांनाही. आणि डॉक्टरांना खरं सांगा हो! केस पेपरवर जे लिहिलं जातं तेच पुढे कामी येतं. जखमेचे फोटो लगेच बहिणीला किंवा मित्राला पाठवून ठेवा. कितीही झालं तरी उलटा हात उचलू नका.

सांजवारा
काकाला हे सांगणारं कुणी नव्हतं. तो आता नाही.

अनाम
पिंपळपान, माझ्या सगळ्या केस पेपरवर "बाइकवरून पडलो" असंच आहे. फाडून टाकू का?

पिंपळपान
अजिबात नको! जखम कुठे, किती, कुठल्या तारखेला हे त्यावर आहेच. त्या तारखांचे कुणाला पाठवलेले मेसेज असतील तर शोधा आणि दोन्ही तुमच्या वकिलांना एकत्र दाखवा. खोटं कारण का दिलं होतं तेही त्यांना आधीच सांगा. बाळ उठलं, बाकीचं रात्री लिहिते.