ग्रह का लुकलुकत नाहीत? ‘बिंदू आणि तबकडी’ हे उत्तर पटत नाहीये, मदत हवी आहे

तारे वातावरणामुळे लुकलुकतात, इथवर शंका नाही. कमी-जास्त गरम हवा सतत मिसळत असते, तिची घनता बदलते, प्रकाश वाकत राहतो. घोडं पुढे अडलंय. तारा म्हणजे बिंदू आणि ग्रह म्हणजे छोटीशी तबकडी, म्हणून ग्रह स्थिर दिसतो, असं सगळीकडे वाचायला मिळतं. पण गुरूची तबकडी ३० ते ५० आर्कसेकंदांची (एक आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३६००वा भाग), आणि नुसत्या डोळ्यांना साधारण ६० आर्कसेकंदांहून बारीक काही वेगळं ओळखू येत नाही. म्हणजे डोळ्याच्या लेखी गुरूही बिंदूच! मग जी तबकडी दिसतच नाही, ती लुकलुकणं कशी थांबवते?

जोडप्रश्न: व्याध खाली क्षितिजाकडे असताना लाल, हिरवा, निळा असा चमकतो. तारा तर पांढरा. हे रंग येतात कुठून?

थोडंफार गणित चालेल.

प्रतिसाद १

तबकडी दिसते की नाही याचा इथे संबंध नाही. प्रकाश कुठल्या वाटांनी आला ते बघा. डोळ्यापासून गुरूच्या दोन कडांकडे दोन रेषा काढा. ४० आर्कसेकंदांचा कोन १० किमी अंतरावर सुमारे २ मीटर रुंद होतो. लुकलुकायला लावणारे हवेचे भोवरे असतात काही सेंटिमीटरचे, फार तर वीतभर. म्हणजे गुरूचा प्रकाश एकाच वेळी अनेक भोवऱ्यांतून येतो. एका बाजूचा उजळला तर दुसरीकडचा मंदावतो, आणि डोळा या सगळ्याची बेरीज करतो. त्याला कडा वेगळ्या दिसत नाहीत हे उलट पथ्यावरच पडतं!

आता काक्षी घ्या. दिसायला मोठ्या ताऱ्यांपैकी एक, तरी जेमतेम ०.०५ आर्कसेकंद. तेवढ्याच अंतरावर अडीच मिलिमीटर. अख्खा तारा एकाच भोवऱ्याच्या तावडीत.

रंगांचं म्हणाल तर हवा निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा किंचित जास्त वाकवते. क्षितिजाजवळ हवेतली वाट लांब, त्यामुळे रंगांच्या वाटा एकमेकींपासून सरकतात आणि प्रत्येक रंग आपापल्या भोवऱ्यात स्वतंत्रपणे लुकलुकतो. इतर तारेही हेच करतात, पण मंद प्रकाशात डोळ्याला रंग कळत नाहीत. व्याध रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, म्हणून त्याचं बिंग फुटतं.

धागाकर्ता

२ मीटर विरुद्ध अडीच मिलिमीटर, हे पटलं. पण मग लहान ग्रह लुकलुकायला हवा ना? बुध?

प्रतिसाद १

लुकलुकतोच. तो ५ ते १२ आर्कसेकंदांचा, त्यात कायम क्षितिजाजवळ.

प्रतिसाद २

भर घालतो. सूर्य सुमारे १८०० आर्कसेकंदांचा, त्यामुळे तो लुकलुकायचा प्रश्नच नाही. पण खग्रास ग्रहणात, पूर्ण झाकला जायच्या जरा आधी, त्याची फक्त बारीक कोर उरते. तेव्हा जमिनीवर फिकट काळे-पांढरे पट्टे सळसळत जाताना दिसू शकतात. कारण हेच. पांढरी चादर पसरून ठेवा, नाहीतर हमखास निसटतात.