रविवारची माती किती किलो?

बी-२०३ काकू: रविवारी क्लबहाऊसमध्ये मुलांचं मातीकाम. १८ नावं आलीत. प्रत्येकाच्या २ पणत्या आणि १ कप. उद्या बापट कॅम्पातल्या कुंभारांकडनं माती आणायची, किती सांगू?

ए-१०१ सचिव काका: पोरामागं २ किलो धरा. ३६. कमी पडायला नको.

सी-३०४: काका, गेल्या दिवाळीला असंच धरलेलं. उरलेल्या मातीचा किल्ला अजून पार्किंगमध्येच हाय. रोज बुरुजाला वळसा घालून गाडी काढतोय.

ए-१०१ सचिव काका: किल्ल्याला नावं ठेवायची न्हाईत 😄

बी-४०२ ताई: काकू, घरात बिनकानाचा भाजलेला कप आहे ना, तो वजनकाट्यावर ठेवा.

बी-२०३ काकू: २८० ग्रॅम.

बी-४०२ ताई: आता त्याची दीडपट करा, ४२० ग्रॅम. ओल्या मातीतलं पाणी वाळताना आणि भाजताना उडून जातं, म्हणून भाजलेलं भांडं हलकं लागतं. मुलांचा हात जाड असतो, तर ४५० धरू. पणतीला ६० ग्रॅम पुष्कळ.
१८ कप म्हणजे ८ किलो १०० ग्रॅम. ३६ पणत्या, २ किलो १६०. सव्वादहा किलो झाले. मोडतोडीला पाव हिस्सा वर, म्हणजे १३ किलो.

ए-१०१ सचिव काका: १३?? आणि फसलं तर?

बी-४०२ ताई: भट्टीत जाईपर्यंत काही वाया जात नाही हो. फसलेला कप परत मळायचा. पार वाळला तरी बादलीत भिजवला की पुन्हा माती. एकदा भाजला की मग मात्र संपलं.

सी-३०४: आमच्या गणपतीची शाडू बादलीत हाय की. चालंल का?

बी-४०२ ताई: नको दादा, त्यात रंग उतरलाय. शिवाय दोन माती एकत्र केल्या की एक जास्त आकसते, एक कमी, आणि भांडं तडकतं.

ए-४०१ आजी: पोरांना आधीच सांगून ठेवा, कप लहान होतो. मी मागं चहाला म्हणून केला, भाजून आला तर लोणच्याची वाटी!

बी-४०२ ताई: बरोबर आजी. माती बघून ८ ते १२ टक्के आकसते. १२ टक्के धरलं तर ९ सेंटीमीटर उंच कप हवा असेल, तर ओला सव्वादहाचा करायचा. आकसणं चारी बाजूंनी असल्यामुळं आत मावतं ते जवळजवळ तिसऱ्या हिश्शानं घटतं. ओल्यात ३०० मिली मावेल असा केला, तर हातात २०० चा येतो.

सी-३०४: म्हणजे कटिंग 😂

बी-२०३ काकू: १३ सांगते. गोळे तोलून, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवू. काटा कोण आणतंय? माझ्या काट्यावर शनिवारी शंकरपाळ्याचा मैदा आहे.

ए-१०१ सचिव काका: मी आणतो. पण सांगा १५. माझाबी एक कप.