सुट्टीनंतरचा पहिला सराव: मुख्य प्रशिक्षकांना कसं समजावू?

प्रश्न:
कॉलेजच्या फुटबॉल संघाची फिजिओ म्हणून नुकतीच रुजू झालेय. सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी भर उन्हात मुलांना स्प्रिंट मारायला लावायचा सरांचा बेत आहे. "कोण किती पाण्यात आहे ते कळू दे," म्हणतात. त्यांच्यापुढे काय मांडू?

उत्तर 1:
काळजी रास्त आहे तुमची. अमेरिकेत या शतकात कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये (आपला फुटबॉल नव्हे, तिथला धडकाधडकीचा खेळ) धडकेपेक्षा सरावाच्या व्यायामातच जास्त मुलं दगावली आहेत. 2018 साली मेरिलँड विद्यापीठाचा जॉर्डन मॅकनेअर स्प्रिंट मारताना उष्माघाताने कोसळला आणि दोन आठवड्यांनी गेला. वय 19. त्याला गार पाण्यात बुडवलंच नव्हतं, असं चौकशीत निघालं. हे आठवलं की जीव कासावीस होतो, कारण असा मृत्यू टाळता येतो.

म्हणून सरावाआधीच टब भरून मैदानाच्या कडेला ठेवा, बर्फ शेजारी. मुलगा असंबद्ध बोलू लागला, विनाकारण चिडला, झोकांड्या खाऊ लागला की उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका. तापमान गुदद्वारातूनच मोजा. कपाळावरचा, काखेतला आकडा फसवतो. मानेपर्यंत पाण्यात बसवा. काखेखालून टॉवेल घालून एकाने मागून धरायचं, म्हणजे तोंड बुडत नाही. दुसऱ्याने पाणी ढवळत राहायचं. ॲम्ब्युलन्स लगेच बोलवा, पण तापमान 39 अंशांच्या खाली येईपर्यंत मुलाला पाण्यातून काढू नका. अर्ध्या तासात एवढं साधलं तर मुलं वाचतात.

आणि सराव थांबवायचा अधिकार तुमचा, हे सरांकडून लेखी घ्या. ज्याला सामना जिंकायचाय त्याच्यावर हा निर्णय सोडू नये.

उत्तर 2:
सिकल सेल ट्रेटची (लाल रक्तपेशींमधला एक आनुवंशिक दोष, एकाच पालकाकडून आलेला) तपासणीही करून घ्या. 2006 मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचा खेळाडू डेल लॉइड स्प्रिंटनंतर कोसळून गेला, त्यानंतर तिथल्या कॉलेज खेळात ही तपासणी आली. या त्रासात पायात गोळा आल्यासारखा मुलगा कळवळत नाही, पाय गळून खाली बसतो. आळशी ठरवून त्याला पुन्हा पळवू नका.

प्रश्नकर्ती:
पहिला आठवडा हलका ठेवायला सर तयार झाले! शिक्षेच्या फेऱ्या मात्र सोडत नाहीत.

उत्तर 1:
तिथे माघार घेऊ नका. शिक्षेत दमलेलं पोर थांबायला धजत नाही, तोच खरा धोका. शिक्षा द्यायचीच तर सामान आवरायला लावा. आणि एईडी मशीन (हृदय अचानक बंद पडलं तर विजेचा झटका देणारं) कपाटात कुलूपबंद असेल तर उद्याच मैदानावर आणा.