मदत हवी आहे: चिपवर सकाळी वेगळे होणारे डी- आणि एल-ॲलनीन दुपारी पुन्हा एकत्र का येतात?

नमस्कार. मी विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात संशोधन करते. परस्परांची आरशातील प्रतिबिंबे असलेली अमिनो आम्लांची रूपे चिपवरच्या सूक्ष्म वाहिनीत विद्युतदाब देऊन वेगळी करण्याचे माझे काम गेले महिनाभर एकाच ठिकाणी अडले आहे. ज्यांनी हे स्वतःच्या हातांनी केले आहे, त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

काचेवर प्लाझ्माने चिकटवलेल्या पीडीएमएसच्या (सिलिकॉन रबरासारख्या पॉलिमरच्या) चिपमध्ये ५० मायक्रोमीटर रुंद, २० मायक्रोमीटर खोल आणि ५ सेंटिमीटर लांब अशी सरळ वाहिनी आहे. दाब १,५०० व्होल्ट, बफर सुमारे ९ पीएचचा कार्बोनेटचा, आणि त्यात गॅमा-सायक्लोडेक्स्ट्रिन, म्हणजे मध्ये पोकळी असलेला, शर्करेच्या घटकांचा कड्यासारखा रेणू. ॲलनीन या अमिनो आम्लाला (डी आणि एल ही त्याचीच दोन रूपे) एफआयटीसी हा प्रकाशमान रंग जोडला आहे. दोन्ही रूपांचा भार आणि आकार सारखाच असल्याने नुसत्या बफरमध्ये ती बरोबरीनेच धावतात. सायक्लोडेक्स्ट्रिनच्या पोकळीत त्यांपैकी एक किंचित घट्ट बसते, एवढ्या फरकावरच सारी भिस्त आहे.

सकाळी नव्या चिपवर साधारण ७० सेकंदांना प्रकाशाच्या आलेखात दोन शिखरे दिसतात. पायथ्यापर्यंत सुटी होत नाहीत, पण मधली दरी स्पष्ट असते, आणि नुसते डी-ॲलनीन वाढवले की दोहोंपैकी एकच शिखर उंचावते. दुपारपर्यंत मात्र वेळ १२० सेकंदांवर जाते, दरी बुजते आणि मागे लांबट शेपटी असलेला एकच उंचवटा उरतो.

प्लाझ्माचा परिणाम ओसरून पृष्ठभाग पुन्हा जलविरोधी होतो आणि इलेक्ट्रोऑस्मॉटिक प्रवाह (भिंतीवरील भारामुळे विद्युतदाबाखाली सगळ्या द्रवाचे वाहणे) मंदावतो, हे मला ठाऊक आहे. परंतु माझे रेणू ऋणभारित असून त्या प्रवाहाच्या उलट ओढले जातात. तेव्हा प्रवाह मंदावल्यास त्यांना वाहिनीत जास्त वेळ मिळून ती अधिक सुटी व्हायला हवीत. घडते ते नेमके उलट. चारही कुंडांतील द्रवाची पातळी समान केली, बफर ताजा घेतला. ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने दहा मिनिटे धुतल्यावर वेळ बरीचशी पूर्ववत होते, शेपटी मात्र जात नाही. सायक्लोडेक्स्ट्रिनशिवाय नुसते फ्लुओरेसीन सोडले तरी दुपारी तीच शेपटी दिसते. त्यामुळे रंग भिंतीला चिकटतो किंवा पीडीएमएसमध्ये शोषला जातो, असा माझा दाट संशय आहे.

१९९९ मध्ये बर्कलीच्या रिचर्ड मॅथीज यांच्या गटाने मर्चिसन उल्केतील अमिनो आम्लांची रूपे गॅमा-सायक्लोडेक्स्ट्रिननेच वेगळी केली होती, पण ती काचेच्या चिपवर, १९ सेंटिमीटर लांबीच्या दुमडलेल्या वाहिनीत. आमच्याकडे काच कोरण्यासाठी हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरण्याची सोय नाही आणि बाहेरून चिप करून घेणे खर्चिक आहे. म्हणून आधी विचारते: भिंत झाकण्यासाठी बफरमध्ये थोडे एसडीएस (साबणासारखे अपमार्जक) घातले, तर त्याच्या रेणूची लांब कार्बन-साखळी सायक्लोडेक्स्ट्रिनच्या पोकळीत शिरून ॲलनीनची जागा अडवते का, आणि किती प्रमाणापर्यंत ते चालते? की हायड्रॉक्सिप्रोपिल मेथिल सेल्युलोज या पॉलिमरचा थर देऊन, प्रवाह जवळजवळ थांबवून आणि ध्रुव उलटे करून चालवणे बरे? हा थर पीडीएमएसवर किती फेऱ्या टिकला, हे कोणी अनुभवाने सांगितले तर फार उपकार होतील.