प्रेस शॉपच्या शेजारी बसून फोन करायचेत, हेडसेट सुचवा

डिस्पॅचवाली:
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत एका शीटमेटल कंपनीत डिस्पॅच बघते. माझं टेबल आणि पत्रा ठोकणाऱ्या पॉवर प्रेसची लाइन यांच्यामध्ये फक्त एक प्लायवूडचं पार्टिशन, तेही वरून उघडं. दिवसाला चाळीस-पन्नास फोन असतात. ट्रान्सपोर्टर, कस्टमरचं स्टोअर, नाहीतर आमचाच गेटवरचा वॉचमन. परवा टेम्पो सहाला बोलावला, समोरच्याने दहा ऐकलं. माल चार तास पडून राहिला आणि बोलणी मी खाल्ली.

दिवाळीत एएनसीवाले, म्हणजे बाहेरचा गोंगाट दाबणारे, इअरबड्स घेतले होते. मला पलीकडचं छान ऐकू येतं, पण पलीकडच्याला माझ्याऐवजी प्रेसचे ठोकेच ऐकू येतात. "मॅडम, जरा बाहेर येऊन बोला ना" हे रोज दहादा. फोन अँड्रॉइड आहे, कधीकधी लॅपटॉपवर टीम्स, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं कॉलचं अ‍ॅप. बजेट पाच हजारांपर्यंत. मागून फोर्कलिफ्ट जाते, त्यामुळे दोन्ही कान बंद नकोत.

बटाटावडा:
माझ्याकडे मोठे कानावर बसणारे हेडफोन आहेत, एएनसी एक नंबर. लोकलमध्ये गाणी ऐकताना बाजूच्याचं भांडणसुद्धा ऐकू येत नाही. डोळे झाकून घ्या.

डिस्पॅचवाली:
धन्यवाद, पण माझं ऐकणं ठीकच आहे हो. बोलणं पोचत नाहीये.

रात्रपाळी:
ताई, तुम्ही दुखणं बरोबर सांगितलंत. हिंजवडीत कॉल सेंटरला नऊ वर्षं काढली, त्यातली चार नवीन पोरांना हेडसेट कसा लावायचा हे शिकवण्यात गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

एएनसी तुमच्या कानासाठी असतं. बाहेरच्या गोंगाटाच्या उलट लहर कानात सोडून तो दाबायचा, एवढंच त्याचं काम. तेही पंखा, एसी, इंजिन अशा एकसुरी घुमण्यावर चांगलं चालतं. प्रेसचा ठोका अचानक येतो, तिथे ते कमी पडतं. तुमच्या माइकशी त्याचं काही देणंघेणं नाही. माइकचा गोंगाट कमी करणाऱ्या प्रकाराला खोक्यावर बहुधा ईएनसी लिहितात. पण खोक्यावर काय, काहीही लिहितात.

खरी गोष्ट अंतराची. इअरबडचा माइक कानापाशी, म्हणजे तोंडापासून चांगला वीतभर लांब. हेडसेटला तोंडाकडे येणारी दांडी असते, त्या दांडीवाल्या माइकचं बोंडूक ओठांपासून दोन बोटांवर येतं. अंतर निम्मं केलं की माइकपाशी तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, प्रेसचा मात्र आहे तेवढाच राहतो, कारण ती लांबच आहे. शिवाय चांगल्या दांडीवाल्या माइकला पुढून आणि मागून दोन्हीकडून हवा लागते. लांबचा गोंगाट दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच येऊन आपसात कटतो, तोंडाचा आवाज पुढूनच जोरात येतो म्हणून टिकतो. हे काम सॉफ्टवेअरशिवाय होतं.

आणि दांडी तोंडासमोर नको, ओठांच्या कोपऱ्याशी ठेवा. समोर ठेवली की प, फ, भ म्हणताना फुंकर बसते आणि पलीकडच्याचा कान फुटतो. आमच्याकडे निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटायच्या. काहीजण दांडी हनुवटीखाली ढकलून ठेवायचे, दाढीला टोचते म्हणून, आणि वर हेडसेटच खराब म्हणून बदलून मागायचे!

तुम्हाला मोनो, म्हणजे एकाच कानाचा, दांडीवाला घ्या. लॅपटॉपपुरतं असेल तर यूएसबीचा जॅब्रा इव्हॉल्व्ह २० मोनोमध्ये मिळतो. लॉजिटेकचा एच३९० पण चांगला, पण तो दोन्ही कानांचा.

डिझेलकाका:
आमच्या ट्रक लाइनीत ब्लूपॅरट कंपनीचा हेडसेट चालतो. एक कान, जाड दांडी, दिसायला अगदी ओबडधोबड. माझा भाचा कॅनडात ट्रक चालवतो, त्याने एक आणून दिला. डिझेल इंजिन चालू असताना केबिनमधून बोललो तरी घरच्यांना वाटतं मी ओट्यापाशी उभा आहे. पण तुमच्या बजेटमध्ये बसेल असं वाटत नाही.

जाताजाता, चंद्रावरून आर्मस्ट्राँग बोलला तो १९६९ साली प्लॅन्ट्रॉनिक्सच्या हेडसेटमधून. ती कंपनी पुढे पॉली झाली आणि २०२२ मध्ये एचपीने घेतली. चंद्रावर प्रेस शॉप नव्हतं ही गोष्ट वेगळी.

सेफ्टीवाला:
सगळे माइकचंच बोलताय, जरा कानाचंही बघा. पलीकडचं ऐकू यावं म्हणून एका कानात व्हॉल्यूम फुल्ल करणार आणि दुसरा कान प्रेससमोर उघडा, म्हणजे दोन्ही कानांची वाट. आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा धरतात. अमेरिकेतली नायॉश, म्हणजे कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणारी सरकारी संस्था, ८५ च सांगते, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. त्या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. हात लांब केल्यावर समोर येईल एवढ्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर मोजमाप करून घ्या. सेफ्टी ऑफिसरकडे साउंड मीटर असतो, मागा. आवाज मर्यादेबाहेर निघाला तर हेडसेट हा उपाय नाही, टेबल हलवणं हा उपाय आहे. तोवर मोकळ्या कानात प्लग. त्याने फोर्कलिफ्टचा हॉर्न बंद होत नाही, फक्त दबतो.

डिस्पॅचवाली:
बाप रे. आम्ही ओरडूनच बोलतो. उद्याच विचारते. आणखी एक, ब्लूटूथ घेऊ की वायरचा? इअरबडवर गाणी मस्त वाजतात, पण फोन उचलला की आवाज डबड्यातून आल्यासारखा होतो.

रात्रपाळी:
ते बिघाड नाही. माइक चालू झाला की ब्लूटूथ गाण्यांचा मोड सोडून कॉलच्या मोडमध्ये जातं. त्यात आवाजाचे नमुने गाण्यांपेक्षा कमी घेतले जातात, जुन्या पद्धतीत सेकंदाला ८ हजार, नव्यात १६ हजार. म्हणून डबडं. टेबलावर बसूनच बोलत असाल तर वायरचाच घ्या, त्याच पैशात माइक चांगला मिळतो आणि चार्जिंगची कटकट नाही. रॅकपर्यंत फिरावं लागत असेल तर ब्लूटूथ, पण दांडीवालाच. फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सीचा बघा.

घेताना दुकानात तपासू नका, दुकानात शांतताच असते. परत करता येईल असा घ्या, प्रेस चालू असताना घरी फोन लावा आणि दहा आकडे वाचून दाखवा. त्यांनी लिहून घेतलेले ताडून बघा. फोनमधल्या रेकॉर्डरवर भरवसा नको, तो बऱ्याचदा हेडसेट सोडून फोनचाच माइक घेतो. लॅपटॉपवर टीम्सचा टेस्ट कॉल आहे, तो तुमचा आवाज तुम्हालाच ऐकवतो.

डिस्पॅचवाली:
पंधरा दिवसांनी येतेय, क्षमस्व. मीटर आणून मोजलं, माझ्या टेबलापाशी ९३ भरले. टेबल स्टोअरच्या भिंतीपलीकडे हलवायची फाइल साहेबांकडे पडली आहे. तोवर कानात प्लग आणि वायरचा मोनो हेडसेट. आईला आकडे वाचून दाखवले, दहापैकी दहा बरोबर. इअरबडवर सहाच आले होते. काल नेहमीच्या ट्रान्सपोर्टरने विचारलं, "मॅडम, आज कंपनीला सुट्टी आहे का?"

आता एकच प्रश्न. माइकवरची स्पंजची टोपी पहिल्याच आठवड्यात हरवली. सुटी मिळते का कुठे?

डिझेलकाका:
बुधवार पेठेत तापकीर गल्लीत विचारा. जाताना माइकचं बोंडूक मोजून न्या, नाहीतर दुकानदार हाताला लागेल ती देतो. आणि एक नको, पाच घ्या. परत हरवणारच.